खेळता खेळता पीसी रीस्टार्ट होतो: दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं

गेम ऐन रंगात असताना स्क्रीन काळी होते, पंखे क्षणभर थांबतात आणि मदरबोर्डचा लोगो पुन्हा दिसतो. अशा वेळी बरेच जण सगळ्यात आधी विंडोज फॉरमॅट करून टाकतात. तेवढं मात्र करू नका. निळी स्क्रीन न दिसता झटक्यात होणारा रीस्टार्ट बहुतेक वेळा हार्डवेअरचा किंवा विजेचा असतो. फॉरमॅट केल्यावर तो दोष तिथेच राहतो आणि विंडोजने जपून ठेवलेल्या नोंदी तेवढ्या पुसल्या जातात. नवीन ग्राफिक्स कार्ड किंवा नवीन एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय) घेण्याची घाईही नको. आधी बघा, मग लिहून ठेवा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि त्रास थांबला, तर कशामुळे थांबला हे कधीच कळत नाही.

पीसी बंद कसा पडतो, ते आधी बघा

बंद पडण्याच्या तऱ्हेवरूनच अर्धं निदान होतं. आवाज आणि चित्र एकाच क्षणी तुटलं आणि सेकंदा-दोन सेकंदांत पीसी आपोआप सुरू झाला, तर पहिला संशय विजेवर, एसएमपीएसवर किंवा प्रोसेसरवर. बंद झाला आणि बंदच राहिला, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करून थोड्या वेळाने लावल्याशिवाय उठलाच नाही, तर एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी लाइन तोडली आहे असं समजा. चित्र गोठलं, आवाज एकाच सुरात घरघरत राहिला आणि मग रीस्टार्ट झाला, तर विंडोज क्रॅश झालं आहे. म्हणजे रॅम, प्रोसेसर किंवा ड्रायव्हर. स्क्रीनवर सिग्नल नाही, ग्राफिक्स कार्डचे पंखे पूर्ण जोरात, पण हेडफोनमध्ये मित्रांचे आवाज येतच आहेत, असं असेल तर पीसी जिवंत आहे आणि कार्ड पडलं आहे.

प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कोणता गेम, किती वेळ चालला होता, त्या क्षणी एसी किंवा गीझर चालू होता का आणि खोलीतला दिवा लुकलुकला का, एवढं लिहून ठेवा. चार-पाच नोंदी झाल्या की त्यात एक सूत्र दिसायला लागतं. गेम न खेळता, नुसता डेस्कटॉप उघडा असताना रीस्टार्ट होत असेल तर ते ठळक लिहा. तो धागा वेगळा आहे, त्याबद्दल पुढे.

विंडोजची नोंदवही

स्टार्ट मेनूच्या सर्चमध्ये ‘अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा. तिथे ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढा आणि खाली ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडा. आता विंडोज क्रॅश झालं तर एरर स्क्रीनवर थांबून राहील. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही स्क्रीन निळ्याऐवजी काळी असते, त्यामुळे काळी दिसली म्हणून ती सोडून देऊ नका. त्यावरच्या स्टॉप कोडचा मोबाइलवर फोटो काढा. ही खूण काढूनही कोणतीच एरर स्क्रीन न येता पीसी थेट रीस्टार्ट होत असेल, तर विंडोजला क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळाला नाही. हा फार उपयोगी पुरावा आहे.

पुढे इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा: ‘विंडोज लॉग्ज’, मग ‘सिस्टिम’. लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद जवळजवळ प्रत्येकाला सापडते आणि ‘पॉवर’ हा शब्द वाचून लोक लगेच एसएमपीएस बदलायला निघतात. ही नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. तिच्यावरची वेळही पीसी पुन्हा सुरू झाल्यानंतरची असते. बंद पडण्याची वेळ हवी असेल तर ६००८ क्रमांकाची नोंद बघा.

४१ मधला खरा माल ‘डिटेल्स’ टॅबमध्ये आहे. तिथे ‘बगचेककोड’ शून्य असेल तर क्रॅशची माहिती हाती लागलेली नाही, म्हणजे अचानक वीज तुटणं किंवा थेट हार्डवेअर रीसेट याकडे कल. शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीत असतो, स्टॉप कोड मात्र हेक्समध्ये, म्हणजे सोळावर आधारलेल्या पद्धतीत, लिहिले जातात, म्हणून बदलून घ्यावा लागतो. २९२ म्हणजे हेक्समधला १२४, हार्डवेअरनेच कळवलेली गंभीर चूक. २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट, इथे रॅमपासून सुरुवात करा. विंडोजमधलाच कॅल्क्युलेटर ‘प्रोग्रॅमर’ मोडवर टाकला की हे आकडे लगेच बदलून मिळतात.

आणखी दोन नोंदी शोधा. १०७४ असेल तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने, बऱ्याचदा विंडोज अपडेटने, स्वतःहून रीस्टार्ट करवला आहे आणि तुमच्या हार्डवेअरला काही झालेलं नाही. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची १८ क्रमांकाची नोंद असेल तर ती हार्डवेअरची भरून न निघालेली चूक आहे. त्यात ‘कॅश हायरार्की एरर’ असं लिहिलेलं दिसलं तर पुढचा प्रोसेसरचा भाग आधी वाचा.

सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून

मुंबईत हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो आणि दोष सगळ्यात स्वस्तात इथेच सापडतो. शहरात कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची वीज असो, उपनगरांत अदानी किंवा टाटाची असो, भांडुप-मुलुंडकडे महावितरणची असो, मीटरच्या पुढचं वायरिंग तुमचं आहे. दिवा लुकलुकला तेव्हा शेजाऱ्यांकडेही लुकलुकला का ते विचारा. त्यांच्याकडेही झालं असेल तर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा. फक्त तुमच्याकडे झालं असेल तर वायरमन बोलवा.

व्होल्टेज सावकाश खाली-वर झाल्याने सहसा काही बिघडत नाही. आजचे चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. बिघडतं ते क्षणभराच्या तुटण्याने. वीज पूर्ण गेली तर एसएमपीएस आपल्या कपॅसिटरच्या जोरावर पीसीला किती वेळ तग धरून ठेवतो याचं मानकातलं माप १६-१७ मिलिसेकंदांचं आहे. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. थोडक्यात, एक पूर्ण आवर्तन चुकलं तरी लोडवर असलेला पीसी पडू शकतो, आणि स्वस्त किंवा जुना एसएमपीएस त्याआधीच पडतो. म्हणूनच टीव्ही चालू राहतो, पंखा फिरत राहतो आणि नेमका पीसी रीस्टार्ट होतो.

हे तुटणं बहुतेकदा एक्स्टेन्शन बोर्डात घडतं. पीसी बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिना उजेडात बघा. एखादी पिन तपकिरी किंवा काळपट झाली असेल, पिनेभोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन बसलं असेल किंवा प्लग हाताने सहज हलत असेल, तर बोर्डातल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या आहेत. तिथे ठिणग्या पडतात. तो बोर्ड वापरातून काढून टाका. एसएमपीएसच्या मागे बसणारी वायरही तशीच तपासा. ती शेवटपर्यंत दाबून बसवलेली हवी, टेबल हललं की हलायला नको.

मग पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. मध्ये यूपीएस नको, बोर्ड नको. दोन-तीन दिवस नेहमीसारखं खेळा. रीस्टार्ट थांबले तर दोष या मधल्या वस्तूंत होता. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आणि २०० वॉटचं आरटीएक्स ४०७०, सवाशे वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून लोड तिथे सहज पोचतो. वीज असताना काही जाणवत नाही. व्होल्टेज जरा डगमगलं आणि यूपीएस बॅटरीवर गेला की ओव्हरलोड होऊन सगळंच बंद. त्या क्षणी यूपीएस सलग बीप वाजवत असेल तर आणखी पुरावा नको. बॅटरीही मुंबईच्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत ढेपाळते. नवा यूपीएस घ्यायचा झाला तर व्हीए बघू नका, वॉट बघा, प्रत्यक्ष लोडच्या किमान दीडपट घ्या आणि शक्यतो प्युअर साइनवेव्हचा घ्या. चौकोनी लहरीच्या यूपीएसशी अॅक्टिव्ह पीएफसी (विजेचा वापर सुधारणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसचं जमत नाही.

एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना रीस्टार्ट होत असेल तर पीसी आणि एसी एकाच लाइनवर आहेत का ते एमसीबी पाडून बघा. असतील तर पीसीचा पॉइंट वेगळ्या एमसीबीवर घ्या. ६ अँपिअरचा साधा पॉइंट पुरतो, कारण तो १३८० वॉटपर्यंत जातो. जुन्या चाळी-इमारतींमध्ये अर्थिंग नुसतं नावाला असतं. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला बोट लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. हे मोजमाप स्वतः करू नका.

एसएमपीएस

नव्या ग्राफिक्स कार्डांची एक खोड माहीत असायला हवी. कार्डाचा सरासरी वापर ३२० वॉट असला तरी मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी तो जवळपास दुप्पट होतो. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आल्यावर चांगल्या कंपन्यांचे एसएमपीएससुद्धा या उसळीने तुटू लागले. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात १०० मायक्रोसेकंदांसाठी २०० टक्के लोड सोसण्याची अट आली. तुमचा एसएमपीएस त्याआधीचा असेल आणि कार्ड नंतर बदललं असेल, तर वॉटची बेरीज जमत असूनही पीसी पडू शकतो.

याची कसोटी फुकटात होते. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेममध्ये फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा आणि ज्या गेममध्ये त्रास होतो तोच खेळा. रीस्टार्ट पूर्ण थांबले तर संशय एसएमपीएस, त्याच्या वायरी किंवा कार्ड एवढ्यावर येतो. गेमच्या मेनूमध्ये किंवा लोडिंग स्क्रीनवर, जिथे फ्रेम शेकड्यांनी पळतात, तिथेच पीसी पडत असेल तर तीही या उसळीचीच खूण. फरमार्क (ग्राफिक्स कार्ड ताणणारी चाचणी) तासभर चालतं म्हणून एसएमपीएस ठीक, असा निष्कर्ष काढू नका. त्याचा लोड एकसारखा असतो आणि कार्ड स्वतःला आवरून धरतं. गेममध्ये लोड सारखा खाली-वर होतो, आणि एसएमपीएसचा कस तिथे लागतो. ओसीसीटी या चाचणी प्रोग्रॅममधली ‘पॉवर’ टेस्ट प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम ताणते, ती १५-२० मिनिटं चालवा, पण समोर बसून.

कॅबिनेट उघडून कार्डाकडे जाणाऱ्या वायरी बघा. ८ पिनांचं एक कनेक्टर १५० वॉटसाठी असतं. कार्डावर अशी दोन कनेक्टर असतील आणि एकाच वायरीच्या दोन शेपट्या त्यांत लावलेल्या असतील, तर एसएमपीएसमधून दुसरी स्वतंत्र वायर आणा. नुसत्या या बदलाने अनेक पीसी सुधारतात. १६ पिनांचं नवं कनेक्टर असेल तर ते काठापर्यंत आत गेलंय का ते टॉर्चच्या उजेडात बघा. फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरला लागूनच वायर वळवू नका. एका एसएमपीएसची मॉड्युलर (सुटी काढता येणारी) वायर दुसऱ्याला कधीही लावू नका. टोकाचा आकार जुळला तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्ड डिस्क, कार्ड क्षणात जळतं.

सॉफ्टवेअरमध्ये दिसणारं १२ व्होल्टचं रीडिंग ढोबळ असतं. मल्टिमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या) कनेक्टरची पिवळी आणि काळी वायर गेम चालू असताना मोजा: ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेलं तर एसएमपीएस बाद. आत आलं म्हणून मात्र तो निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराची घसरण मल्टिमीटरला दिसतच नाही. खात्री फक्त दुसरा चांगला एसएमपीएस लावून होते. मित्राचा आणा, किंवा लॅमिंग्टन रोडच्या दुकानात अख्खा पीसी न्या आणि तुमच्याच कार्डावर, तुमचाच गेम लावून बघायला सांगा. नुसता टेस्टर लावून ‘ओके आहे’ म्हटलेलं ऐकून परत येऊ नका. टेस्टर लोड देत नाही. एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यातले कपॅसिटर जिवावर बेतेल इतका चार्ज धरून असतात.

उष्णता

लोक उष्णतेला जितका दोष देतात तितका तिचा नसतो. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, म्हणजे गेम अडखळायला लागतो. पार हद्द झाली तरच पीसी बंद पडतो, आणि तेव्हा तो सहसा बंदच राहतो. एचडब्ल्यूइन्फो या तापमान मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लॉगिंग चालू करा, मोजणीचं अंतर एक सेकंद ठेवा आणि रीस्टार्टनंतर फाइलची शेवटची ओळ वाचा. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरची मर्यादा साधारण १०० अंश, एएमडीच्या रायझनची ९० ते ९५. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७५ वर आणि कार्ड ७० वर असेल तर हे प्रकरण इथेच मिटवा. एक अपवाद: पीसी पाऊण तासानेच पडतो, थंड झाल्यावर पुन्हा पाऊण तास चालतो, असं असेल तर एसएमपीएसच्या खालची जाळी काढून बघा. कॅबिनेट जमिनीवर असेल तर ती धुळीने बुजलेली सापडते.

रॅम आणि प्रोसेसर

बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, एक्स्पो किंवा डीओसीपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं जे सेटिंग असेल ते, बंद करा. रॅम तिच्या मूळ वेगावर येईल, गेम थोडा हळू चालेल, चालू द्या. त्रास थांबला तर रॅमचा जाहिरातीतला वेग तुमच्या बोर्डाला किंवा प्रोसेसरला झेपत नाही. एक पायरी खाली ठेवून बघा. चार स्टिक भरलेल्या असतील तर हे हमखास तपासा, विशेषतः डीडीआर५ मध्ये.

मूळ वेगावरही पीसी पडत असेल तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून पीसी सुरू करा आणि चारही पास पूर्ण होऊ द्या. ३२ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एकही चूक आली तरी ती मान्य नाही. मग एकेक स्टिक एकटीच, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. समुद्राजवळच्या घरांत, वरळी-वर्सोव्यासारख्या ठिकाणी, पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खारट दमट हवेचा थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा.

‘कॅश हायरार्की एरर’ रायझनवर येत असेल तर पीबीओ (प्रोसेसरचा वेग वाढवणारं सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) बंद करा. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये ऋण आकडा जास्त दिला की कोअरला कमी व्होल्टेज मिळतं आणि पीसी लोडवर नाही, तर रिकामा बसलेला असताना पडतो. मघाचा डेस्कटॉपवरच्या रीस्टार्टचा धागा हाच. बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असेल तर ते ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवून बघा. हे सगळं मूळ सेटिंगवर असूनही १८ क्रमांकाची नोंद एकाच एपीआयसी आयडीवर, म्हणजे कोअरच्या क्रमांकावर, पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो कोअर सदोष आहे. प्रोसेसर वॉरंटीत द्या.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर, विशेषतः आय७ आणि आय९ वर, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज गेल्यामुळे कायमची झीज होण्याचा दोष इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला. त्यावरचे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे बदल, बायोस अपडेटमधून येतात, म्हणून मदरबोर्डचा ताजा बायोस टाकणं सक्तीचं समजा. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. अनरिअल इंजिनचे गेम ‘व्हिडिओ मेमरी पुरत नाही’ अशी तक्रार करत बंद पडत असतील आणि कार्डावर मेमरी भरपूर असेल, तर प्रोसेसरची झीज झाली असण्याची शक्यता मोठी. डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली आहे, तिचा लाभ घ्या.

बाकीचं

ड्रायव्हरचा संशय असेल, म्हणजे ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’च्या (एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या) नोंदी किंवा ११६ हा कोड येत असेल, तर सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा आणि कंपनीच्या साइटवरून घेतलेला टाका. तरीही येत असेल तर कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा बसवा. जड कार्ड एका बाजूने लोंबत असेल तर खाली आधार द्या.

काहीच सापडत नसेल तर मदरबोर्डवरून रीसेट बटणाची दोन पिनांची वायर काढून ठेवा. अडकलेलं रीसेट बटण हुबेहूब वीज तुटल्यासारखं वागतं आणि कुठेच नोंद ठेवत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची वायरही काढून बघा; वाकलेली पिन शॉर्ट होते.

दोष सापडला असं वाटलं की ज्या परिस्थितीत पीसी पडायचा तीच पुन्हा उभी करा: तोच गेम, तीच संध्याकाळची वेळ, एसी चालू, पॉवर लिमिट १०० टक्के. आधी आठवड्यातून दोनदा पडत असेल तर एक दिवस नीट चालला याला अर्थ नाही, किमान दोन आठवडे जाऊ द्या. मग एक्सएमपी पुन्हा चालू करा, तेवढेच दिवस बघा, आणि शेवटी ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण परत लावा. वॉरंटीत काही द्यायचं असेल तर जीएसटीचं बिल, सीरियल नंबरचा फोटो, पीसी पडतानाचा मोबाइल व्हिडिओ आणि एरर स्क्रीनचा फोटो सोबत न्या. सर्व्हिस सेंटरच्या थंडगार खोलीत, स्थिर विजेवर दोष दिसत नाही असं उत्तर बऱ्याचदा मिळतं, तेव्हा हे चार कागद आणि तुमच्या तारीखवार नोंदी समोर ठेवा.